रिकामे बसण्याची रीतसर व्यवस्था

विश्रांती आरोग्याला आवश्यक असते, हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केल्यामुळे ती घेणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पूर्वी माणूस दमला की बसत असे. आता त्याला कशाने दमलो, कितपत दमलो आणि बसण्याने नेमके काय साध्य होणार आहे, हे आधी ठरवावे लागते. ही प्रगतीच म्हणायची. आमच्या कुटुंबाला या प्रगतीचा लाभ भाऊजींमुळे झाला, म्हणून ती हकिगत जरा सविस्तर सांगतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात गळतीशोधक अधिकारी. शहरात कुठेही पाणी विनाकारण वाहत असेल तर ते शोधून थांबवायचे, हे त्यांचे काम, आणि कामाबाहेरचा स्वभावही तोच. घरात नळ ठिबकू लागला तर ते भरल्या ताटावरून उठत. कोणाचे बोलणे लांबले तरी त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव येई, की इथे काहीतरी वाया जात आहे. नोकरीत त्यांनी रजा अशी घेतलीच नाही. (लग्नाला घेतली होती. ती अर्ध्या दिवसाची मिळेल का, याची त्यांनी आधी चौकशी केली होती, असे ताई सांगते.)

असा हा माणूस एका बैठकीत, गळतीचे प्रमाण कसे घटले ते सांगत असताना, वाक्याच्या मध्येच खाली बसला. हृदय शाबूत निघाले. रक्तदाब मात्र वरच्या मजल्यावर मुक्काम ठोकून होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांची सक्तीची रजा लिहून दिली आणि भाऊजींना रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत रंजनोपचार केंद्रात पाठवले.

या केंद्राविषयी मला पूर्ण आदर आहे. खेळ, चित्रे, माती, गाणी, कुंड्या अशा साधनांनी तिथे माणसाला बरे करतात, आणि खरेच करतात. अपघातात हात दुखावलेल्या एका ट्रकचालकाची बोटे तिथे मातीची बदके करता करता पुन्हा वळू लागली होती. केंद्राच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या. प्रमुख त्याच, सहायक त्याच आणि रंग संपले की दुकानात जाणाऱ्याही त्याच. पहिल्या दिवशी ताई आणि मी भाऊजींच्या बरोबर गेलो होतो.

"तुम्हाला काय करायला आवडतं?" बाईंनी विचारले.

"गळती शोधायला," भाऊजी म्हणाले.

"ते काम झालं. कामाशिवाय?"

भाऊजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "शोधलेली गळती बुजवायला."

ताईला हसू आले. ते तिने रुमालात खोकून घेतले.

बाईंनी मातीचा गोळा पुढे केला. भाऊजींनी त्याचा पाइपाचा काटकोनी जोड बनवला, आतून पोकळ, दोन्ही तोंडांना आटे पाडलेला. मग बाईंनी रंग आणि कागद दिला. त्यांनी भिंतीवर पसरत चाललेली ओल रंगवली. ट्रकचालक येऊन ते चित्र बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्या न्हाणीघरात अगदी अशीच आहे." भाऊजींनी लगेच त्याचा पत्ता विचारला.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे बघा साहेब, रोज असं काहीतरी करा की ज्याचा कुणालाही काडीचा उपयोग होणार नाही. जमलं तर जमलं, बिघडलं तर बिघडलं. मजा आली म्हणजे झालं."

"मजा आली हे कोण ठरवणार?"

"तुम्हीच."

"म्हणजे वरून तपासणी नाही?"

"नाही."

निरुपयोगी कामे भाऊजींनी खात्यात पुष्कळ पाहिली होती. पण ती करण्याचा आदेश त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या स्पष्ट शब्दांत मिळाला होता. आणि आदेश मिळाल्यावर मागे हटणाऱ्यांपैकी ते नव्हेत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विरंगुळा हाती घेतला. सकाळी गच्चीवर पक्षीनिरीक्षण. निरीक्षण हा शब्द त्यांच्या परिचयाचा असल्याने हा छंद त्यांना लगेच साधला. कबुतरांच्या वागण्यात त्यांना काही शिस्त आढळली नाही; साळुंक्यांविषयी मात्र त्यांचे मत बरे झाले. त्यानंतर बासरी. बासरीतून हवा कुठे कुठे निसटते ते त्यांनी पहिल्याच बैठकीत शोधून काढले आणि ती सगळी भोके चिकटपट्टीने बंद केली. बासरी वाजेनाशी झाली, पण गळती शून्यावर आली. (त्या दिवशी ते खरोखर आनंदी दिसत होते. उपचारावर शंका घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.)

आठवड्याभरात घरच्यांचा नंबर लागला. माझी भाची परीक्षेच्या अभ्यासात मान खाली घालून बसलेली असे. तिला रोज संध्याकाळी 'निर्हेतुक भटकंती' नेमून दिली गेली, मार्ग आखून आणि परतण्याची वेळ ठरवून. मला, मी याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असल्याने, हास्याची जबाबदारी मिळाली. सकाळी जिन्यात उभे राहून मोठ्याने हसायचे. मी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो, त्यामुळे विनाकारण गंभीर राहण्याचा मला सराव आहे. विनाकारण हसायला सुरुवातीला जड गेले. पुढे मी रोज तेच एक हसणे हसू लागलो आणि कोणाच्या काही लक्षात आले नाही.

भाऊजींचा रक्तदाब उतरला. भराभरा उतरला. बाकीच्यांचा मोजावा हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आले नाही.

यशाने माणसाचा हात मोकळा होतो. भाऊजींनी इमारतीत फुरसत मंडळ स्थापन केले. निवृत्त दंतवैद्य अध्यक्ष झाले, कारण लोकांना तोंड उघडायला लावण्याचा त्यांना अनुभव होता. पहिल्या मजल्यावरचे शिंपी सदस्य झाले. विमा विकणारे जोडपे न बोलावता आले. सर्व रहिवाशांच्या मोकळ्या वेळेची पाहणी झाली. त्र्याहत्तर टक्के लोकांनी मंडळामुळे ताजेतवाने वाटते असे सांगितले, एकवीस टक्के लोकांनी 'तुम्हीच काय ते लिहा' असे सांगितले आणि उरलेले दार उघडायला आले नाहीत. (ते घरातच होते. आतला दिवा दिसत होता.)

याच पाहणीत ताईचे प्रकरण उघडकीस आले.

दुपारची जेवणे व्हायची, भांडी घासून व्हायची, ओटा पुसून फडके वाळत पडायचे, आणि मग ताई मागच्या गॅलरीत जाऊन बसायची. एका पायाखाली पुठ्ठा सारलेली जुनी खुर्ची. समोर दुसऱ्या इमारतीची पाठ, तिच्यावरून उतरलेले पाइप, एका खिडकीत वाळत घातलेले मोजे. ती मोज्यांकडेही बघत नसे. कपडे आत घ्यायची वेळ झाली की उठायची. लग्न झाल्यापासून हे असेच चालू होते. भाऊजी दुपारी कधी घरी नसल्यामुळे त्यांना ते ठाऊक नव्हते, एवढेच.

"तू इथं काय करत असतेस?" त्यांनी विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नेमकं काय?"

ताईने विचार केला. "बसते."

भाऊजींना भरून आले. ज्या अवस्थेला पोचण्यासाठी ते स्वतः पहाटेपासून धडपडत होते, ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत, रोज कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय घडत होती. एवढी मोठी साधनसंपत्ती अशी नुसती वाहून जाऊ द्यायची, हे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी शेजारी दुसरी खुर्ची मांडली. पहिले काही दिवस ते ताईला श्वास कसा घ्यायचा ते सांगत. मग तिला विणकामाच्या सुया आणून दिल्या, म्हणजे बसणे अगदीच कोरडे होऊ नये. मग त्यांनी मंडळात ठराव मांडला, की हा प्रयोग सर्वांसाठी खुला व्हावा.

अशा प्रकारे 'मौन बैठक' सुरू झाली. दुपारी गॅलरीत दंतवैद्य, शिंपी, विम्याचे जोडपे, भाऊजी आणि सुट्टीच्या दिवशी मी, असे ओळीने बसत असू. कोणीही काहीही करायचे नाही, हा एकच नियम. गॅलरी लहान असल्यामुळे ताईची खुर्ची आधी दारात आली, मग दाराच्या आत, मग स्वयंपाकघरात. तिथून तिला चहाकडे लक्ष देणेही सोयीचे पडे. काहीही न करून झाल्यावर चहाची नितांत गरज भासते, हा आम्हा सर्वांचा अनुभव. दंतवैद्यांना साखर चालत नसे, शिंप्यांना दूध चालत नसे, विम्याच्या बाईंना कप मोठा लागे. चहा उत्तम असे. बैठकीचा परिणाम सगळ्यांवर चांगला दिसू लागला. दंतवैद्य म्हणाले, इतकी शांत दुपार त्यांनी दवाखाना उघडल्यापासून अनुभवली नव्हती.

ताई मात्र बिघडत चालली. आधी नुसते डोके दुखायचे. मग ती गॅसजवळ उभी असतानाही दूध उतू जाऊ लागले. भाजीला दोनदा मीठ, किंवा एकदाही नाही. एकदा भाचीने तिला काहीतरी विचारले तर ती बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "काय म्हणालीस?" रात्रीच्या जेवणाला ती आमच्याबरोबर बसली की ताटातली पोळी तशीच राही. ती चिडत नव्हती, रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. भाऊजी खरोखर घाबरले. ताईवर त्यांचा जीव आहे, याविषयी माझ्या मनात कधी शंका आली नाही.

"हिला विरंगुळा कमी पडतोय," ते मला जिन्यात म्हणाले. त्यांनी चहानंतर तिच्यासाठी एकटीसाठी रंगकामाचा तास जोडला. त्यानेही उतार पडेना, तेव्हा तिला रंजनोपचार केंद्रात न्यायचे ठरले.

केंद्रात त्या दिवशी गर्दी होती. बाहेरच्या दालनात भिंतीला लागून लाकडी बाक, वर एक संथ पंखा, हातात क्रमांकाचे बिल्ले घेऊन बसलेली माणसे. भाऊजी चौकशीच्या खिडकीशी जाऊन रांग कशी चालवावी ते समजावून सांगू लागले. मी त्यांना आवरायला गेलो. ताई बाकावर एकटीच बसली. तिचा क्रमांक पुकारला तेव्हा मला जाऊन तिच्या खांद्याला हात लावावा लागला.

आत गेल्यावर भाऊजींनी ताईची लक्षणे सांगायला घेतली. बाईंनी ती थोडी ऐकली आणि मग म्हणाल्या, "साहेब, पलीकडे कॅरमला एक भिडू कमी आहे." ट्रकचालकाने तिकडून हात केला. भाऊजी गेले. मी पिशवी सांभाळत कोपऱ्यात राहिलो. माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

"मोकळं वाटलं, बरं वाटलं, असं शेवटचं कधी झालं?" बाईंनी ताईला विचारले.

"मघाशी," ताई म्हणाली.

"मघाशी म्हणजे?"

"बाहेर बाकावर. माझ्याआधी पुष्कळ लोक होते. वेळ लागेल म्हणाले. हे खिडकीवर गेले होते." ती जरा थांबली. "कुणी काही मागत नव्हतं. बरं वाटतंय का, असंसुद्धा कुणी विचारत नव्हतं. मग माझा नंबर पुकारला."

तिने ते अशा आवाजात सांगितले की बाई म्हणाल्या, "माफ करा."

पलीकडे कॅरमची सोंगटी भोकात पडल्याचा आवाज आला. बाईंनी दरवाज्याकडे, मग टेबलावरच्या वाळलेल्या रंगांच्या बाटल्यांकडे पाहिले. "मलाही कधीकधी तिथं जाऊन बसावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण मला लोक ओळखतात."

मग त्यांनी भाऊजींना बोलावून घेतले आणि उपचार सांगितला. रोज दुपारी केंद्रात यायचे. बिल्ला घ्यायचा तो शेवटचा. पुकारतील तेव्हा आत यायचे, तोवर बाकावर बसायचे. बरोबर कोणी यायचे नाही.

"रोज?" भाऊजींचा चेहरा उतरला. "म्हणजे केस गंभीर आहे."

"आहे," बाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. पण मध्ये खंड पडता कामा नये. नाहीतर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल."

वाया जाईल म्हटल्यावर भाऊजींच्या बाजूने प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी जेवणे होताच ताई चपला घालून निघाली. भांड्यांचे काय, असे भाचीने विचारले. भाऊजींनी तिला गप्प केले, उपचारापुढे भांडी काय घेऊन बसलीस म्हणाले, आणि भांडी तशीच राहिली. गॅलरीत आमची मौन बैठक ठरल्याप्रमाणे भरली. मौन उत्तम झाले. ते संपल्यावर सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले, त्यामुळे त्या दिवशी बैठक जरा लांबली. अखेर दंतवैद्य आत गेले. त्यांना चहाची पूड सापडली, पातेले सापडले. गाळणे सापडले नाही. शिंपी म्हणाले, कपड्यांना काजे करायची राहिली आहेत. विम्याच्या जोडप्याला कोणालातरी भेटायचे होते. पुढच्या आठवड्यात पुरेशा उपस्थितीअभावी बैठक तहकूब झाली, ती आजतागायत तहकूबच आहे. मंडळाचा अधिकृत निष्कर्ष असा, की लोकांची विश्रांती पूर्ण झाली असावी.

रजा संपल्यावर भाऊजी कामावर रुजू झाले. रक्तदाब आता ताळ्यावर आहे. भांडी ते स्वतः घासतात. पाणी कमी लागावे अशी त्यांनी एक पद्धत बसवली आहे आणि तिच्याविषयी ते कार्यालयातही बोलतात. भाचीला चहा येऊ लागला. गॅलरी पुन्हा रिकामी झाली, तेव्हा भाऊजी ताईला म्हणाले, "आता इथं बसत जा ना, पूर्वीसारखी. तुझी खुर्ची आहे तशीच आहे."

"उपचार अर्धवट सोडू नये म्हणतात," ताई म्हणाली.

त्यांनी ते लगेच मानले. ताईला भूक लागू लागली होती, ती भाचीशी हसून बोलू लागली होती, दूध उतू जात नव्हते. असा गुण येत असताना कोण हरकत घेईल?

मध्यंतरी मला ताईच्या घराची किल्ली हवी होती, म्हणून दुपारी केंद्रात गेलो. बाहेरच्या दालनात सगळे बाक भरलेले. ताई पंख्याखाली बसली होती, पर्स मांडीवर, हात पर्सवर. शेजारी एक शाळाशिक्षिका, मग सुनेच्या दोन मुलांना सांभाळणाऱ्या एक आजी, मग ड्युटी संपून घरी निघालेल्या पण अजून न पोचलेल्या दोन परिचारिका, कोपऱ्यात अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे करणारे एक गृहस्थ. आतून बाईंनी एक क्रमांक पुकारला, तोही फारसा मन लावून नाही. सगळ्यांनी आपापल्या बिल्ल्याकडे पाहिले आणि कोणीही उठले नाही. बाईंनी पुन्हा पुकारले नाही.

"काय रे?" ताईने हळूच विचारले.

"किल्ली."

तिने किल्ली काढून दिली. "बस हवं तर. फक्त बोलू नकोस."

मी बसलो. गॅलरीतल्या मौनापेक्षा हे काहीतरी वेगळे आहे, एवढे मला कळले. काय वेगळे ते कळेना, म्हणून थोड्या वेळाने मी विचारले, "तायडे, तू इथं बसून कसला विचार करतेस गं?"

ताईने डोळे मिटले. शिक्षिकेने, आजींनी, दोन्ही परिचारिकांनी आणि त्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की मी किल्ली घेऊन उठलो.

रुग्णालयाने नुकतीच रुग्णांची मते मागवली. रंजनोपचाराच्या खोलीविषयी समाधानी एक्केचाळीस टक्के, बाहेरच्या बाकांविषयी चौऱ्याण्णव टक्के. यावरून बाकांची व्यवस्था अधिक कार्यक्षम करावी, प्रतीक्षेचा वेळ कमी करावा आणि वेळ जावा म्हणून तिथे काही उपक्रम सुरू करावेत, अशी शिफारस वरिष्ठांकडे गेली आहे. ती मार्गी लागायला काही वर्षे जातील अशी आशा आहे.

वाचन हाही मान्यताप्राप्त रंजनोपचार आहे, आणि तुम्ही तो आत्ताच विनाव्यत्यय पूर्ण केलात, याबद्दल तुमचे अभिनंदन. एवढ्या वेळात तुम्हाला कोणी हाक मारली नाही. मारली असेल तर तिला ओ दुसऱ्या कोणीतरी दिली. दार वाजले ते कोणीतरी उघडले, कुकरच्या शिट्ट्या कोणीतरी मोजल्या, आणि तुम्ही वाचताय म्हणून कोणीतरी आवाज बारीक केला. त्या कोणीतरीला आता उठून उत्साहाने छंद विचारायला जाऊ नका. त्यांना बाकाचा पत्ता हवा असेल तर माझ्याकडे पाठवा. तुम्ही बरोबर येऊ नका.